दुपारची साखर

नक्षीकाकांना मधुमेह निघाला तेव्हा बेकरीतल्या मंडळींनी आधी हसून घेतलं. बत्तीस वर्षं हा माणूस केकवर साखरेची फुलं काढतोय, थोडी आत जायचीच, असं भट्टीवाला म्हणाला आणि काकाही हसले. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला आठवायचं. आयसिंग भरलेल्या कागदी सुरळीतून गुलाब, वेली, हंस असं काहीही सरसर उतरवायचे, म्हणून ते नक्षीकाका.

घरी मात्र कुणी हसलं नाही. त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत, कारण तिची सगळी नोकरी शाळेत गेली होती. परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारून मारून बाईंच्या नजरेला धार आली होती. बाहीतली चिठ्ठी असो की तळहातावरचं गणित, त्यांच्यापासून काही सुटत नसे. निवृत्त झाल्या, पण नजर काही निवृत्त झाली नाही. शिवाय बाईंच्या आईचा पाय याच रोगाने गेला होता, आधी एक बोट, मग पाऊल, मग गुडघ्यापासून. ते ड्रेसिंग बाईंनी स्वतः केलं होतं. नवऱ्याच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी मनाशी धरली होती. प्रेमच ते, फक्त त्याच्या हातात छडी होती.

डॉक्टरांनी तक्ता करून दिला. जेवणाआधी बोट टोचायचं, मशीनवर आकडा बघायचा आणि आकड्याप्रमाणे इन्सुलिन घ्यायचं. सकाळी घरी, अंघोळ झाल्यावर, आकडा अगदी शहाण्यासारखा यायचा. एकशे दहा, एकशे वीस. दुपारी बाई डबा घेऊन बेकरीच्या मागच्या दाराशी जायच्या, बाकावर बसून काकांचं बोट टोचायच्या आणि मशीन म्हणायचं दोनशे नव्वद. कधी तीनशे दहा.

"काय खाल्लंत?"

"काही नाही गं. सकाळच्या पोळीवर आहे मी."

"साखर घरी बरोबर येते आणि इथे आल्यावर तिला पंख फुटतात का?"

"तुझी शप्पथ, आयसिंगचं बोटसुद्धा जिभेला लावत नाही. चव बघायला भट्टीवाल्याला बोलावतो, विचार त्याला."

बाई भट्टीवाल्याला कशाला विचारतील? मित्रच तो, मित्राचीच री ओढणार. पहिल्यांदा काका म्हणाले होते, "थांब, नळावर हात धुऊन येतो." तेव्हा बाईंनी त्यांचा दंड धरून परत बसवलं. "हात की तोंड? ताकाला जाऊन भांडं लपवायचं काम नाही. पुसा इथेच." काकांनी खांद्यावरच्या ओल्या फडक्याला बोटं पुसली. त्याच फडक्याने ते दिवसभर आयसिंगची सुरळी पुसत. पुढे हात धुण्याची गोष्ट त्यांनी काढलीच नाही. नळाकडे जाणं म्हणजे चोरीची कबुली, असं झालं होतं.

महिनाभर असंच चाललं. इन्सुलिनचे युनिट तक्त्यातल्या वरच्या ओळीवर गेले. बाईंनी डब्यातली एक पोळी काढली, मग भातही काढला. दुपारी तीनच्या सुमाराला काकांना दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचा आणि हंसाची मान वाकडी व्हायची. भट्टीची धग आणि वय, दुसरं काय, असं ते म्हणायचे. भट्टीवाला एकदा बिस्किट घेऊन आला, तर त्याला म्हणाले, "नको रे बाबा. एक तुकडा खाल्ला तरी मशीनमध्ये दिसेल आणि मग मी कायमचा खोटा ठरेन." साधा माणूस, पण शब्दाचा हट्ट मोठा. बायकोने आपल्याला खोटारडा म्हणावं, हे त्यांना रोगापेक्षा जास्त लागलं होतं.

"एकदा कबूल करा," बाई म्हणायच्या. "मी रागावणार नाही. नुसतं कबूल करा."

"जे केलंच नाही ते कसं कबूल करू?" काका म्हणायचे आणि अर्ध्या भुकेने डबा बंद करायचे.

त्या दिवशी मशीनने तीनशे चाळीस दाखवले. बाईंनी तक्त्याप्रमाणे सुई दिली, डब्यातली भाजी आणि एक पोळी पुढे ठेवली आणि घरी गेल्या. बेकरीची माणसं पहाटेपासून उभी असतात, म्हणून जेवणानंतर कोठीतल्या पोत्यांवर घटकाभर आडवी होतात आणि झोपलेल्याला उठवायचं नाही, हा तिथला नियम. काका आडवे झाले. आदल्या दिवशी लग्नाच्या केकसाठी ते उशिरापर्यंत थांबले होते, म्हणून त्यांना जरा जास्तच झोपू दिलं. पाच वाजता भट्टीवाला हाक मारायला गेला तेव्हा शर्ट घामाने निथळत होता आणि काका उठत नव्हते. चहूकडे साखरेची पोती आणि मधोमध हा माणूस साखरेवाचून पडलेला.

जीव वाचला. पण इन्सुलिन जास्त झालं आणि मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही, असं डॉक्टर म्हणाले.

चौथ्या दिवशी वॉर्डातली सिस्टर काकांचं बोट टोचायला आली. तिने आधी साबणपाण्याने त्यांचा हात धुतला, कोरडा केला. बाई बघत होत्या.

"एवढं धुवावं लागतं?" त्यांनी विचारलं.

"लागतं तर! बोटावर साखरेचा अंश असला तर मशीन तोही रक्तातच धरतं. घरी धुऊनच टोचत होता ना?"

"ओल्या फडक्याने पुसलं तर?"

"कसलं फडकं?"

बाईंना काकांच्या खांद्यावरचं आयसिंगचं फडकं आठवलं. तीस वर्षांत किती पोरांना बाकावर उभं केलं, त्यातली खरंच किती चोर होती, असलं काहीतरी त्यांच्या मनात आलं.

काका घरी आले त्याला आता वर्ष होईल. हातात सुरळी धरवत नाही. बायकोला ओळखतात, भूक सांगतात, बाकी बोलणं तुटक. पहिल्याच दिवशी बाईंनी त्यांच्यासमोर बसून सांगितलं, "तुम्ही खरं बोलत होता. चूक माझी होती." काका खिडकीकडे बघत राहिले. बाईंनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने सांगितलं, रडून सांगितलं. काही पोचलं नाही.

रोज जेवणाआधी त्या पाण्याचं तसराळं आणि साबण घेऊन बसतात आणि एकेक बोट धुतात. तोवर काका ठीक असतात. मशीनचं झाकण उघडलं की मात्र घाबरतात, हात पोटाशी ओढून घेतात.

"खाल्लं मी," ते म्हणतात. "चुकलं."

"नाही हो. तुम्ही काहीच खाल्लं नव्हतं."

"खाल्लं. रागावू नको."

आणि बोट देत नाहीत. समजावलं की जास्तच घाबरतात, घास पडून राहतो, जेवण गार होतं. पहिले काही दिवस बाईंनी हट्ट धरला. आता धरत नाहीत.

"बरं," त्या म्हणतात. "खाल्लंत. मी नाही रागावले."

मग काका बोट पुढे करतात.