भावाच्या डोक्यावरची आवणी

१७ फेब्रुवारी १९७७, गुरुवार. वळ गावी माहेरच्या ओटीवर बसून मी मोड आलेले वाल सोलत होते. दुसऱ्या दिवशी वडिलांचा दहावा होता आणि भावकीचं जेवण माझ्याकडे होतं. धाकटा भाऊ समोर येऊन उकिडवा बसला. डोक्यावर टोपी होती.

"ताई, मी उद्या गोटा करणार न्हाय," तो म्हणाला.

"बरं. मग पिंड कोण देणार, शेजारचा?"

 घरात मुलगा तो एकटाच. बापाच्या दहाव्याला मुलाने डोकं भादरलं नाही, तर गावात पुढची दहा वर्षं तेवढाच विषय राहिला असता. पण त्याचंही खोटं नव्हतं. त्या डोक्यात त्याने काय काय घातलं होतं, ते मला ठाऊक होतं.

तो भिवंडीत नारपोलीला एका लूमच्या कारखान्यात कापड तपासायच्या आणि घड्या घालायच्या खात्यात होता. तेविसाव्या वर्षी कपाळ वर सरकू लागलं आणि पंचविशीत डोक्याची पुढची बाजू साफ झाली. कारखान्यातले लोक त्याला ड्युटीवर येताना बघून दिवे मालवा म्हणायचे. दोन मुलींकडून नकार आला. तिसरीच्या मामाने तर विचारलं, नवरा मुलगा कुठाय, हे तर त्याचे काका आलेत. त्या दिवसापासून टोपी आली.

कारखान्याचे मालक चाचा भिवंडीतले जुने व्यापारी, माणूस दिलदार. त्यांनीच एकदा त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "मुंबई में एक डॉक्टर है, पीछे का बाल निकालके आगे लगाता है. मेरे साले ने किया. दिखता ठीक है, बस हवा में मत खड़ा रहना."

सोबत म्हणून मी गेले. मी तेव्हा भिवंडीतच कामतघरला, सासरी राहायची. खिडकीखाली दिवसभर लूमचे सांचे खडखडायचे आणि पापडावर, लोणच्यावर, सगळ्यावर कापसाची पांढरी धूळ बसायची. अजूनही कुठे तो खडखडाट ऐकला की मला तिथली दुपार आठवते. त्या काळात एवढ्यासाठी डोकं कापून घेणारा माणूस आमच्यात कुणी ऐकला नव्हता.

डॉक्टर तरुण होते, हडकुळे, आणि त्यांच्याच कपाळावर केस कमी. भावाने धीर करून विचारलं, "तुम्ही का नाही करून घेतलं?"

"माझं लग्न झालंय," ते म्हणाले.

मग त्यांनी नीट समजावलं. मागचा केस हट्टी असतो, कुठेही नेऊन लावा, तो गळत नाही. जागा बधिर करून, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पोकळ सुरीने मागून कातडीचे गोल तुकडे काढायचे, मसुरीच्या दाण्याएवढे, केसांसकट. पुढे तसलीच भोकं पाडून त्यात बसवायचे. सगळे एकदम बसवता येत नाहीत, रक्त पोचायला मध्ये जागा सोडावी लागते. म्हणून तीन खेपा. लावलेले केस तीन-चार आठवड्यांत झडतील, घाबरायचं नाही, तीन महिन्यांनी मुळातून परत येतील. दहा दिवस डोक्याला पाणी लावायचं नाही.

मी ऐकत होते. भाऊ सुरीकडे बघत होता.

कारखान्यात सांगितलं की माझ्या घराखालच्या सांच्यातला धोटा, आडवं सूत नेणारा टोकदार लाकडी तुकडा, उडून डोक्याला लागला. सांच्यावरून धोटा उडणं तिथे नवीन नव्हतं, त्यामुळे कुणी जास्त विचारलं नाही. घरी मात्र आईला खरं सांगावं लागलं. तिला पटकन समजावं म्हणून मीच म्हटलं, आये, आवणी कशी करतो आपण? राबातलं रोप उपटून खाचरात लावतो, तसंच हे.

चूक माझी. भाताची आवणी तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होती. मी कामतघरला परतले आणि इकडे आईने त्याच्या पट्टीवर दिवसभर ओलं फडकं ठेवलं. चौथ्या दिवशी मी आले तर पट्टी चिंब, आणि दोन तुकडे फडक्याला चिकटून बाहेर आलेले.

"आये, हे काय केलंस?"

"आवणी केल्यावर खाचरात पाणी नको? सुकलं असतं ना सगलं. तुमचा डाक्टर शेती करतो का?"

ते दोन खड्डे शेवटपर्यंत भरले नाहीत. बाकीचं डॉक्टर म्हणाले तसंच झालं. केस झडले, भावाने आठवडाभर जेवण टाकलं, आणि तीन महिन्यांनी बारीक केस वर आले. दुसरी खेप, तिसरी खेप. तिसरी गणपतीनंतर झाली.

आज वीस वर्षांनी मी त्या डोक्याकडे बघते तेव्हा वाटतं, डॉक्टर खोटं बोलले नाहीत, फक्त अर्धंच बोलले. लावलेला एकही केस गळला नाही. पण आजूबाजूचे त्याचे स्वतःचे गळत गेले. आता सपाट जागेवर रांगेत पुंजके उभे आहेत, ब्रशाला असतात तसे. घरातली पोरं बाहुलीचे केस म्हणतात. तो चिडत नाही.

पण सत्त्याहत्तर सालच्या जानेवारीत ते केस तेलाने चोपून मागे वळवले की खरंच बरे दिसायचे. तेवढ्यावर कामतघरची एक मुलगी त्याला बघून हो म्हणाली. तिला आणि तिच्या घरच्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात वडील गेले.

"डॉक्टरने वर्षभर जपायला सांगितलंय," भाऊ ओटीवर म्हणाला.

"वर्षभर नाही, दहा दिवस. मूळ आत असतं, वस्तऱ्याने काही होत नाही. मी ऐकत होते."

मग त्याने टोपी काढली आणि पाठ फिरवली. मागचे केस त्याने लांब ठेवले होते. ते बोटांनी वर धरले. खाली पांढरे गोल वण, एकाशेजारी एक, चाळणीसारखे.

"उद्या तिचे वडील येणार. मी तळ्याच्या बांधावर गोट्याला बसणार, ते मागे उभे राहणार. हे काय म्हणून विचारतील. काय सांगू, धोटा शंभर वेळा लागला?"

मला हसू आलं, त्याला नाही.  ही मुलगी त्याला मनापासून आवडली होती, आणि चौथा नकार त्याने सोसला नसता.

"चार बटा कापून नावाला करू," तो म्हणाला. "काकांना तू सांग."

"बापाला नावाला जाळलं का?"

तो उठून गोठ्याकडे गेला. मी उरलेले वाल सोलले. चाळणी तर कधीतरी दिसणारच होती. लग्नानंतर दिसली असती तर फसवलं म्हणाले असते, आणि बरोबरच म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे आंघोळ केली, आईला भाताचं आधण ठेवायला सांगितलं आणि भिवंडीकडे जाणाऱ्या पहिल्या टेम्पोत बसून कामतघरला मुलीच्या घरी गेले. सासुरवाशीण म्हणून माझं सुतक तिसऱ्याच दिवशी फिटलं होतं, भावाचं अजून होतं, त्याला ते घर चढता आलं नसतं. मुलीचे वडील दात घासत होते. मी पाणीसुद्धा न घेता सगळं सांगितलं, सुरीपासून ओल्या फडक्यापर्यंत.

"म्हणजे केस खोटे?" त्यांनी विचारलं.

"केस खरे. जागा खोटी."

त्यांनी चूळ भरून ब्रश झटकला. आतून मुलीचा आवाज आला. "बाबा, गोटा करतायत ना ते? मग आज बघून घ्या ना सगळं. नंतर मला बघायला लागणारच हाय."

"तुला चालेल?"

"मी केसांशी लगीन करते का?"

ते माझ्याबरोबरच आले. बांधावर भाऊ खाली मान घालून बसला होता, न्हावी वस्तरा पाजळत होता. त्यांना बघून भावाचा चेहरा उतरला. ते सरळ त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि पुढचे केस उतरेपर्यंत तिथून हलले नाहीत. वस्तरा मागे आला तसे वाकले, ते वण जवळून बघितले आणि न्हाव्याला म्हणाले, "इथे जरा हलक्या हाताने, जावयाचं डोकं आहे."

भावाने मान वर केली नाही. मी घराकडे वळले. पन्नास माणसांचा भात चुलीवर होता.