आत्याची बोलकी पेटी

आत्याच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळे आणि मग पाढे विचारले जात. विचारायची आत्या नाही, तिची पेटी. नेवाशाच्या घरात बाहेरच्या खोलीत टीव्हीला जोडलेला एक जुना होम कॉम्प्युटर होता आणि शेजारी करड्या पत्र्याची ही पेटी. कॅसेट लावली की बराच वेळ किरकिर होई आणि मग पेटी बायकी आवाजात विचारी, "सात आठे?" पाहुण्यानं आकडा दाबायचा. त्यावर "बरोबर", "चूक" किंवा "परत सांगा". आवाज आत्याचाच, तरुणपणीचा. चांगले चांगले पाहुणे चहा न घेता उठत.

लग्नाआधी ती नगरच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत होती. कॉम्प्युटरला मराठी बोलायला लावणारी ही पेटी तिनं आणि तिच्या सोबत्यांनी बनवली. दोनचार नमुने तयार झाले आणि पेटी विक्रीला येण्याआधीच कंपनी बंद पडली. बाकीचे नमुने भंगारात गेले, हा एक मालकांनी तिला दिला. "असली वस्तू कुठल्या दुकानात पाहिली नाही बुवा," असं कोणी म्हटलं की ती शांतपणे म्हणे, "बाजारात आलं नाही म्हणजे नव्हतंच असं नाही." हे वाक्य ती माझ्या थोरल्या भावाच्या न झालेल्या इंजिनियरिंगलाही लावायची.

व्होल्टेज कमीजास्त झालं की पेटी मनानंच बोले. आत्याला बघायला तिसगावची मंडळी आली तेव्हा पेटी चालूच राहिली होती. मुलाचे वडील सांगत होते, "पोराला कसलंच व्यसन न्हाई."

"चूक," पेटी म्हणाली.

आजोबांच्या हातातली सुपारी तशीच राहिली. मुलगा मात्र हसला, खिशातून तंबाखूची डबी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हिला आतलं दिसतं का?" आत्यानं तिथंच होकार दिला. आत्याचे यजमान म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणतो. तंबाखू पुढं कित्येक वर्षांनी सुटली.

गेल्या वर्षी मी सहज पेटीचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि आठवड्यात पुण्याहून एक तिशीतला गृहस्थ गाडी घेऊन हजर झाला. जुने कॉम्प्युटर जमवण्याचा त्याला नाद. पेटीसमोर तो देवळात उभं राहावं तसा उभा राहिला.

"काकू, हिची जुन्या मासिकात फक्त जाहिरात पाहिली होती. खरंच बनली असेल असं वाटलं नव्हतं. पण चालू करू नका, आतले कपॅसिटर म्हातारे झालेत."

"म्हातारी तर मीही झालेय," म्हणत आत्यानं बटण दाबलं.

पेटीतून धूर निघाला. मामांनी मुकाट्यानं चहाचे कप लांब सरकवले. त्या माणसानं वायर ओढली, पिशवीतून सुटे भाग काढले आणि विचारलं, "काकू, उघडू?"

आजवर तिच्याशिवाय कोणी ती उघडली नव्हती. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग सरकून त्याला जागा दिली. दुपारभर दोघांची डोकी पेटीत होती. जेवायला तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा पेटीनंच उत्तर दिलं, "सात आठे?" गडबडीत त्यानं चुकीचा आकडा दाबला. पेटीनं त्याला चूक ठरवलं, तर त्याच्या डोळ्यांत पाणी.

"माझ्यामागं हे लोक हिला भंगारात देतील," आत्या माझ्याकडे बघत म्हणाली. तिचं खरंच होतं. मग ती त्या माणसाकडे वळली. "तू घेऊन जा. पण काचेच्या कपाटात कोंडू नकोस. लोकांना पाढे येत नाहीत हल्ली."

पेटी तिनं स्वतः गाडीत पुढच्या सीटवर ठेवली आणि पट्टा लावला. गाडी वळेपर्यंत ती फाटकात उभी होती.

संध्याकाळी तिनं स्क्रूड्रायव्हर मागितला. मिक्सरचा आवाज बरा वाटत नाही म्हणाली. मिक्सर नवाकोरा होता. सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडून ती बराच वेळ नुसती बसून राहिली. मी काही बोलणार एवढ्यात मामांनी मला खुणेनं गप्प केलं.

"उघडू दे," ते हळूच म्हणाले. "उद्या चटणी पाट्यावर वाटू."