दोन आखडते हात

लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्यांची भांडी घासून होतात, चुली विझतात, सामान टेम्पोत चढतं, पण किस्से मात्र आमच्याबरोबर घरी येतात. पाहुण्यांच्या पंगती उठल्या की आम्ही पालथ्या पातेल्यांवर बसून जेवतो, आणि कोणीतरी सुरू करतंच, "अरे, त्या अमक्या लग्नात काय झालं माहितीये का..." मी फारसा बोलत नाही. त्यामुळे लोकांना वाटतं मी ऐकतही नाही. पण नऊ वर्षांत बरंच साठलंय, आणि त्यातलं बहुतेक दोनच माणसांचं आहे.

एक नाना. आमचे मुख्य आचारी. वरण-बट्टी आणि भरीत खावं तर नानांच्या हातचं, असं म्हणणारे लोक जळगावपासून धुळ्यापर्यंत भेटतील. दुसरे विलासभाऊ. मोठी पातेली, कढया, शेगड्या त्यांच्या. ऑर्डर तेच आणायचे आणि कोठीही तेच सांभाळायचे. कोठी म्हणजे लग्नातली सामानाची खोली. तिची किल्ली ज्याच्या खिशात, त्याला विचारल्याशिवाय मीठसुद्धा मिळत नाही.

हात दोघांचाही आखडता. नवीन माणसाला दोघे सारखेच वाटतात. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

मागच्या उन्हाळ्यात दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं. विलासभाऊंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, माझ्याकडे ये, तुला हेड आचारी करतो. नाना काहीच म्हणाले नाहीत. मी नववीत शाळा सोडलेला मुलगा. घरी माझ्यासाठी मुली बघणं चालू होतं, आणि मुलगा आचाऱ्याच्या हाताखाली काम करतो म्हटलं की पाहुण्यांचा चहा लवकर संपायचा. हेड आचारी म्हटल्यावर ते कदाचित पोहे खायलाही थांबले असते. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. तरी माझं ठरत नव्हतं, आणि कांदे चिरता चिरता मी मनात हे जुने किस्से उलटेपालटे करत बसायचो.

*

भरताची वांगी आणायला नाना दुसऱ्या कोणाला पाठवत नाहीत. बाजारात उकिडवे बसतात, एकेक हिरवं वांगं तळहातावर तोलतात, आणि जड लागलं की परत ढिगात ठेवतात. एकदा एका साखरपुड्यासाठी वांगी घ्यायला त्यांनी दीड तास लावला. मी पोतं धरून उभा. भाजीवाली आधी हसली, मग गप्प झाली, मग म्हणाली, "नाना, वांगी घेताय का सून बघताय?"

नानांनी तिला शांतपणे समजावलं की जड वांग्यात बिया जास्त, आणि बियांचं भरीत कडवट होतं. तिला पटलं. मग वजन झालं. पोतं गच्च भरलेलं, आणि काटा मात्र निम्म्यावरच! तिने एकदा पोत्याकडे बघितलं, एकदा नानांकडे, आणि शेजारणीला म्हणाली, "हा माणूस किलोवर भाव ठरवतो आणि हलकी वांगी उचलतो."

पुढच्या वेळी तिने भाव नगावर सांगितला. नाना म्हणाले, चालेल. आणि त्यांनी ढिगातली सगळ्यात मोठी वांगी बाजूला काढली. मोठी, पण हलकी.

*

विलासभाऊंनी एका सिझनला तूप वाढायला नवीन चमचे आणले. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर येतो ना, जवळजवळ तेवढे. आमच्याकडे बट्टीवर तूप वाढतात ते वाढप्याचा हात दुखेपर्यंत. पण भाऊंचं म्हणणं, लोक चमचे मोजतात, चमचा किती मोठा ते कोण बघतं? मोठ्या चमच्याने एकदा वाढलं तर 'एकदाच वाढलं' म्हणतात. लहान चमच्याने तीनदा वाढलं तर 'तीनदा वाढलं' म्हणतात.

चमचे पहिल्यांदा बाहेर काढले ते शिंदखेड्याकडच्या एका लग्नात. पंगतीत कडेला एक आबा बसले होते, पांढरा फेटा, भारदस्त माणूस. मी वाढत वाढत त्यांच्यापुढे आलो आणि बट्टीवर एक चमचा सोडला. आबांनी माझा हात धरला. चमचा जवळ घेऊन नीट बघितला. मग काळजीने विचारलं, "भाऊ, हाई तूप शे का दवाई? जेवाना पहिले लेवानी का नंतर?"

सगळी पंगत हसली. मला कुठे तोंड लपवावं कळेना. विलासभाऊ कोठीच्या दारातून सगळं बघत होते. मी परत गेल्यावर म्हणाले, "बघ, हसले. चिडलं कोणी?"

*

विलासभाऊंचा मिस कॉल आमच्या सगळ्या टोळीत प्रसिद्ध आहे. एक रिंग, आणि कट. आपण फोन करायचा.

मध्यंतरी त्यांच्या मुलाने त्यांना अनलिमिटेडचा रिचार्ज मारून दिला. कितीही बोला, पैसे तेच. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी एक रिंग, आणि कट. मी हिंमत करून म्हटलं, भाऊ, आता तर तुमचं अनलिमिटेड आहे.

"हो," ते म्हणाले. "पण तुझंही आहेच ना?"

*

नानांकडे कोणी स्वयंपाक सांगायला आलं की ते 'माणसं किती' एवढंच विचारून थांबत नाहीत. म्हातारी किती, लहान पोरं किती, वऱ्हाड कुठून येणार, गाडीने की रेल्वेने, रस्त्यात नाश्ता आहे का, हे सगळं विचारतात. चाळीसगावचे एक वधूपिता वैतागून म्हणाले होते की नाना, माझ्या व्याह्यांनीसुद्धा इतकी चौकशी केली नाही.

एवढं विचारून नानांनी त्यांच्या यादीतली दोन पोती कणीक कमी केली. घरात कुजबूज सुरू झाली, आचारी चिंगूस दिसतो, चारचौघांत नाक कापणार. वधूपित्याने गुपचूप एक पोतं परत आणून ठेवलं.

लग्न झालं, सगळे पोटभर जेवले, मंडपवाले जेवले, बँडवाले दोनदा जेवले. पोतं तसंच शिवलेलं राहिलं. नाना निघताना त्या गृहस्थांना एवढंच म्हणाले, "हे जावयाला देऊ नका. मुलगी आणि कणीक दोन्ही दिलं तर त्याला काम काय राहील?"

*

जळगावच्या एका मारवाडी शेठजींकडचं लग्न. घर मोठं, माणसं साधी. शेठजींचे वडील पंगतीत बसले. त्यांनी अर्धीच बट्टी मागितली, मग पुन्हा अर्धी, मग पाव. ताट बोटाने पुसून खाल्लं, त्यात थोडं पाणी ओतलं, ताट हलवलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. त्यांच्यात जुनी माणसं अन्न टाकत नाहीत, म्हणून तसं करतात.

विलासभाऊंनी मला कोपराने ढोसलं. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं कौतुक मी कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, याला म्हणतात गुरू.

तेवढ्यात म्हातारेबुवा उठून आमच्याकडेच आले. त्यांनी आमच्या टोळीला विचारलं, तुम्ही जेवलात का? आम्ही म्हटलं, आम्ही शेवटी जेवतो. त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी घरच्यांची पंगत थांबवली, आम्हाला आधी बसवलं, आणि स्वतः काठी टेकत समोर उभे राहिले. "ताटात उरायला नको," ते म्हणाले, "आणि पातेल्यात संपायला नको. बस."

विलासभाऊ त्या दिवशी जेवले नीट, पण गुरूचा विषय पुन्हा काढला नाही.

*

आता माझाही एक सांगतो, नाहीतर वाटेल मी दुसऱ्यांचीच उणीदुणी काढतोय.

चाळीसगाव स्टेशनवर शाळेतला एक मित्र भेटला. खूप वर्षांनी. तो म्हणाला, चल, चहा घेऊ. मला लगेच वाटलं, आपण घेतला तर पैसे आपणच द्यायला हवेत, तो आपल्याला पाहुणा. म्हणून मी म्हटलं, आत्ताच घेतला. तो म्हणाला, मग मीही नाही घेत. आम्ही वीस मिनिटं त्या स्टॉलसमोर उभे होतो. दुसरे लोक फुंकून फुंकून पीत होते. त्याची गाडी आली आणि तो गेला.

मी हे सुमनअक्कांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. अक्का आमच्यात बट्ट्या वळतात, यावलहून एसटीने येतात, आणि मला आईसारख्या रागावू शकतात. त्यांनी हातातली कणीक खाली ठेवली.

"स्वतःचा चहा वाचवला, ते समजलं," त्या म्हणाल्या. "त्याचा का वाचवला?"

 अजूनही त्या मित्राचा नंबर माझ्याकडे आहे, आणि फोन करायची लाज वाटते.

*

आणि हा शेवटचा. दोघे वेगळे होण्याआधीचं एकत्र केलेलं शेवटचं काम.

यावलला सुमनअक्कांच्या मुलीचं लग्न होतं. घरचंच कार्य, त्यामुळे नानांनी मजुरी घ्यायची नाही असं आधीच सांगून टाकलं. विलासभाऊंनी भांडी फुकट दिली आणि वर जाहीर केलं की स्वयंपाकाचं तेल माझ्याकडून, हा माझा आहेर. जाहीर केलं म्हणजे खरोखर माईकवरून केलं. मांडवात टाळ्या पडल्या. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेलाचे तीन डबे आले. अक्का पहाटेपासून बट्ट्या वळत होत्या. आम्ही सांगून पाहिलं की आज तरी तुम्ही नवरीची आई म्हणून बसा. पण त्या म्हणाल्या, पोरीच्या लग्नातल्या बट्ट्या दुसऱ्या कोणाच्या हातच्या नकोत. हळद लागलेल्या हातांनी त्या गोळे वळत राहिल्या. मध्येच जाऊन अक्षता टाकून आल्या आणि पुन्हा परातीपाशी बसल्या.

बट्टीचे गोळे आधी उकडून ठेवतात, आणि पंगत बसली की कापून तळतात. तळल्याशिवाय ती खायची म्हणजे नुसती शिजलेली कणीक. वऱ्हाड धुळ्याहून आलं होतं, ते जेवलं. गाव जेवलं. दुपारी साडेतीनला शेवटची पंगत बसली. त्यात घरच्या बायका, शेजारणी, आणि सगळ्यांत कडेला अक्का. सकाळपासून पहिल्यांदाच त्या निवांत टेकल्या होत्या. त्यांच्यापुढे पत्रावळ मांडली, आणि तेव्हाच कढईतलं तेल तळाला गेलं.

मी कोठीत गेलो. तिसरा डबा सील न फोडलेला, भिंतीला टेकवून ठेवलेला. विलासभाऊ दारात उभे होते. त्यांनी सांगितलं, तो राहू दे. सील असलं की दुकानदार परत घेतो, बोलणं झालंय.

मी म्हटलं, भाऊ, पंगत बसलीये.

ते म्हणाले, घरच्याच तर बायका आहेत. उकडलेल्या बट्ट्या वाढ, वर वरण जरा सढळ घाल. कोण काय म्हणतंय?

कोठीच्या दारातून मांडव दिसत होता. अक्कांना बहुतेक ऐकू गेलं असावं. त्या तिथूनच म्हणाल्या, "असू दे रे गोकुळ. चालेल तसंच आण." आणि शेजारणीकडे बघून हसल्या, जसं काही त्यांना तशाच आवडतात.

मी डबा उचलला. तो चुलीपाशी आणला. नाना कढईवर वाकून झाऱ्याने तळाचा चुरा काढत होते, त्यांनी वर बघितलं नाही. विलासभाऊ माझ्या मागे मागे आले. ते ओरडले नाहीत, त्यांचा तो स्वभावच नाही. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "आपलं बोलणं झालंय ना, गोकुळ? हेड आचारी व्हायचंय ना तुला? मग डबा ठेव."

मला त्या वेळी घर आठवलं, आई आठवली, पाहुण्यांनी घाईत संपवलेला चहा आठवला.  मी पेचकस झाकणावर धरला, बत्ता घेतला, आणि एक ठोका दिला. पत्रा आत गेला. तेलाचा एक थेंब वर आला.

विलासभाऊ माझ्याकडे बघतच राहिले.  मी दुसऱ्या ठोक्यासाठी हात वर केला, तेव्हा नानांनी पहिल्यांदा मान वर केली. आधी पंगतीकडे बघितलं, मनातल्या मनात पत्रावळी मोजल्या, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले,

"भोक लहान पाड, गोकुळ. एकच पंगत आहे."