शिवकांतामावशीचा डावा डोळा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की भलतंच काहीतरी बोलत सुटतो — आताही बहुतेक तेच करीन.

मी डोळ्यांचे फोटो काढतो. बाहेरून नव्हे, आतले, पडद्याचे. कोरोनात लातूरच्या एका दवाखान्याने हदगावात खोली घेऊन कॅमेरा बसवला आणि मला तिथे धाडलं. साखरेच्या पेशंटचे फोटो मी पाठवायचे, डॉक्टरांनी लातुरात बसून बघायचे. एसटी बंद होती, माणूस जाणार कसा? म्हणून विमा कंपनीनेही ही लांबूनची तपासणी मान्य केली होती. अट एकच — फोटो दोन्ही डोळ्यांचे हवेत आणि स्वच्छ हवेत. एक जरी धूसर निघाला तर तपासणी धरायचीच नाही.

समोर शिवकांतामावशीचं फॉल-पिकोचं दुकान. मावशी नात्याने नव्हे. हॉटेलं बंद झाली तेव्हा तिने आपणहून मला डबा सुरू केला, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पैशाचं नाव काढलं की चिडायची. तिला साखर होती, आणि मुलाच्या नोकरीतून तिचाही विमा होता. "माझे बी काढ की रे फोटू," म्हणत एक दिवस आली.

उजवा डोळा झकास आला. डावा येईना. बाहुली बारीक, आत नुसतं धुकं. अशा वेळी थेंब टाकायचे, बाहुली मोठी होईपर्यंत अंधाऱ्या खोलीत थांबायचं, मग पुन्हा फोटो. एवढंच तर काम! पण मावशी खोकली.

"काही न्हाई रे, मिरच्या भाजून राहिले होते. ठसका हाय," ती म्हणाली.

मला ते पटलं होतं. तरी — बंद खोलीत, इतक्या जवळ? तिच्या हातची भाकरी मला रोज चालत होती. तिचा श्वास चालेना. झालं मावशी, जा, असं म्हणून मी तिला घालवलं.

मग उजव्या डोळ्याचा फोटो एक बटण दाबून उलटा केला, आरशात दिसतो तसा, आणि डावा म्हणून पाठवून दिला. लातूरहून उत्तर आलं: दोन्ही डोळे ठीक, वर्षाने या. विमाही मंजूर.

दुसऱ्या दिवशी तिला हाक मारता आली असती. कोणी धरलं होतं मला? डबा आला. मी जेवलो.

वर्ष भरायच्या आत तिला डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं. लातूरला नेलं तेव्हा पडद्याची वाट लागली होती. आधी कळतं तर लेझरने थांबवता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी मला फोन केला — गेल्या वेळी तर काहीच नव्हतं? मी म्हणालो, काहींचं झपाट्याने बिघडतं सर. आवाज जरासुद्धा हलला नाही माझा.

लाज वाटते का? वाटते म्हणायला हवं. खरं सांगू — दात काढल्यावर गाल बधिर होतो, तसं वाटतं. ते बधिरपण अजून उतरलेलं नाही.

आता मावशीचा सुईचा अंदाज चुकतो, बोटं टोचतात. भारी साड्या लोक दुसरीकडे देतात. ती स्वतःलाच बोल लावते, "मीच चहातली साखर सोडली न्हाई."

परवा ती शेजारणीला घेऊन आली. त्या बाईला नुकतीच साखर निघालेली, भेदरलेली. मावशी तिला म्हणाली, "भिऊ नको गं. ह्यानं बघितलं म्हणून माझा एक तरी डोळा वाचला. लई जीव लावून बघतो."

मग तिने मान डावीकडे वळवली, चांगला डोळा माझ्यावर आणला आणि विचारलं, "हाय का न्हाई रे?"

मी म्हणालो, "हाव मावशी."