दोन मिली रक्त

मुलांच्या वॉर्डात तिला सगळे डासताई म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. तिला त्याचं काही नाही. एकवीस वर्षं ती लेकरांचं रक्त काढतेय. शीर डोळ्यांना दिसली नाही तरी तिच्या बोटाला कळते. नवरा म्हणतो, हिनं हात धरला की माया करतेय की शीर चाचपतेय, हे मला अजून उमगलेलं नाही.

त्या सकाळी दोन नंबरच्या खाटेवर दीड वर्षाची पोर आली. आठवड्यापूर्वी कांजिण्या उठल्या होत्या. ताप उतरला, खपल्या धरल्या, घरचे सुटलो म्हणाले, आणि ताप पुन्हा चढला. उजवी मांडी फुगलेली. आता तर रडायचंही त्राण नव्हतं. हातपाय गार, श्वास भराभर. सोबत आजी होती. आई घरी ओली बाळंतीण.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण गडबडणारी नव्हे. म्हणाली, "रक्तात जंतू शिरलेत असं दिसतंय. औषध तयार होतंय, तेवढ्यात कल्चरच्या बाटलीसाठी रक्त काढा, कुठले जंतू ते कळू दे. दहा मिनिटं. त्यापुढे मी थांबणार नाही."

"थांबूही नका," डासताई म्हणाली.

औषध अंगात गेलं की बाटलीत जंतू वाढतीलच याचा भरवसा नसतो. नर्सनं हाताला सलाइनची सुई कशीबशी बसवली होती, पण तिच्यातून रक्त मागे येईना. डासताईनं दुसऱ्या हाताच्या कोपरात सुई घातली. चार थेंब आले आणि शीर बसली.

आजीनं पोरीचा हात पदराखाली ओढून घेतला. "झालं ना? आता पुरे."

"निम्मंही नाही झालं, आजी."

"मूठभर जीव तो. किती पिळशील? आहे तेवढ्यात भागव."

गेल्या वर्षी डासताईनं भागवलं होतं. असंच लेकरू, अशीच काकुळतीला आलेली आई. अर्ध्या मिलीवर तिनं बाटली पाठवली. बाटलीत काही उगवलं नाही, डॉक्टर अंदाजानं औषधं बदलत राहिले, आणि ते लेकरू घरी गेलं नाही. पुरेसं रक्त असतं तर जगलं असतं, असं कुणी म्हणालं नाही. तसं सांगताही येत नाही. पण तेव्हापासून तिनं भागवणं सोडलं.

"आजी, जंतू काही रक्तात दाटीवाटीनं बसलेले नसतात. थेंबभर रक्तात एखादा सापडेल, न सापडेल. मला दोन मिली पाहिजे. अर्धा चमचासुद्धा नाही होत."

"तुला पोरंबाळं आहेत का गं?"

"दोन आहेत. मी घरात शिरले की दोघंही बाह्या खाली ओढतात."

आजी हसली नाही, पण पदर सैल झाला.

"आता तिचा डावा पाय दोन्ही हातांत धरा. चोळू नका, नुसती ऊब द्या."

सहा मिनिटं गेली होती. घोट्यापाशी बोटाला काहीतरी लागलं. तिनं कातडी पुसली आणि ती वाळेपर्यंत थांबली. घाई केली तर कातडीवरचे जंतू बाटलीत जातात. नर्स घड्याळाकडे बघत होती. मग सुई आत. रक्त सावकाश आलं, पण दोन मिली भरलं. नवव्या मिनिटाला औषध सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबवाल्याचा फोन आला. "तुमच्या बाटलीत जंतूंच्या माळा दिसतायत. स्ट्रेप्टोकॉकस." डॉक्टरीणबाईनं दुसरं औषध जोडलं आणि सर्जनला पुन्हा बोलावलं. तो आदल्या दिवशी 'बघू दोन दिवस' म्हणून गेला होता. आता मात्र जंतूचं नाव ऐकून दुपारीच त्यानं मांडी उघडली. वाटीभर पू निघाला.

ताप उतरायला पाच दिवस लागले. पोर जगली, पायाचं काय, ते कळेना. डॉक्टरीणबाई रोज तिला जमिनीवर उभी करायची आणि पोर उजवा पाय बगळ्यासारखा वर धरायची. खुळखुळा दाखवला, बिस्किट दाखवलं. ढिम्म.

बाराव्या दिवशी हेच चाललं असताना डासताई ट्रे घेऊन दारातून आत आली. पोरीनं तिला पाहिलं, भोकाड पसरलं, आणि दोन्ही पाय टेकून चार पावलं लंगडत पळाली, ती थेट आजीच्या पदरात.

"चालली," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"हो का," म्हणत डासताई पाच नंबरच्या खाटेकडे वळली. आज तिचं काम तिथं होतं.