उभी आली

"फ्रीजबाहेर बर्फ पाहिला नाही, आणि निघाले बर्फावर घसरायला!" सातपूरच्या बाजारात फुलवालीच्या मोबाइलवर बर्फावरच्या शर्यतीतली आपल्या देशाची टीम बघून मी मोठ्यानं हसलो.

"त्यात माझी लेक हाय. मिलिट्रीत शिकली घसरायला," हार ओवत ती म्हणाली.

मी हसू आवरून मोबाइलजवळ सरकलो. लेकीचा नंबर आला तसे तिनं डोळे मिटले. "मला नाय बघवत. तुम्हीच बघा, दादा."

आता जीव माझा टांगणीला. पोरगी डुगडुगली, सावरली, खाली पोचली.

"शेवटची आली," मी चाचरत म्हणालो.

"उभी आली ना?" तिनं मोबाइलवरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि माझ्या हातात गजरा ठेवला.

घरी हे सांगितलं. गजरा माळत बायको म्हणाली, "परवा बाथरूमच्या फरशीवर तुम्ही आडवे झालात, ते सांगितलंत का तिला?"