खैरुनबी सुसरीला वाट देते

"त्या खैरुनबीनं पिराचा ताईत घालून सुसरीचं तोंडच शिवलंय बाई! म्हणून तर ती कशाला भीत न्हाय!"

हे गावातल्या शालूबाईंचं बोलणं. नाकातून बोलायचं, शेवटाला पदर तोंडाशी न्यायचा, की झाल्या शालूबाई. मी ही नक्कल घाटावर केली की बायका धुणं सोडून हसायच्या.

पण गोष्ट साफ खोटी. पंचगंगेवर नाव चालवणाऱ्या खैरुनबीइतकं भित्रं माणूस आमच्या काठावर दुसरं नव्हतं.

आधी नाव तिच्या नवऱ्याची, चमनचाचाची. उतारूंना गंमत दाखवायला तो सुसरीला मासळीची आतडी टाकायचा. सुसर नावेची वाट बघायला शिकली. एक दिवस आतडी नव्हती, तिनं हात नेला. आता चाचा झोपडीपुढं बसून पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून उरल्या हातानं जाळी विणतो, आणि वल्हं खैरुनबीकडं आलं.

पात्रात वर आलेल्या वाळूच्या लांबट दांड्यावर सुसर अंडी घालायची. तिथं खैरुनबीनं लाल चिंधीची काठी रोवली होती. ती दिसली की नाव लांबून वळसा घालणार. कुणी कुरकुरलं की वल्ह्याच्या ठेक्यात म्हणायची, "तिचं घर हाय त्ये. आपुन पावणं. पावण्यानं दारात दंगा करू ने."

मी चिडवायची, "मावशी, ती नावेला भिडली की तू वल्हं घालशीलच तिच्या डोक्यात. लाव पैज!"

"न्हाय घालणार. हरलीस तर?"

"तू सांगशील त्ये करीन."

महाराजांनी शाळा सक्तीच्या केल्या त्या सालची गोष्ट. मृग अजून निघाला नव्हता. माझी थोरली बहीण, आक्का, तान्ह्याला घेऊन पलीकडं सासरी निघाली होती आणि मी तिच्या सोबतीला. नावेत आणखी एकच उतारू, कानडी मुलखातला गुळाचा व्यापारी रुद्राप्पा. हातात लोखंडी टोकाची काठी.

"एन मावशी, बैलगाडी बरी की! येवढं हळू?"

नदी इतकी आटली होती की वळशाच्या वाटेवर नुसती वाळू. पाणी उरलं होतं ते दांड्याला लागूनच. खैरुनबीनं चिंधीकडं बघितलं आणि मग नाव तिकडंच घातली.

ऐन तिथंच तान्हं रडायला लागलं. आणि दांड्यावरून तसलंच चिरकं रडं आलं. काठाच्या ओल्या वाळूत सुसरीची वीतभर पिल्लं वळवळत होती.

मग पाण्यावर दोन गाठी दिसल्या. डोळे. त्यामागं अर्ध्या नावेएवढी पाठ. एरवी माझ्या तोंडात दहा जणांचे आवाज असतात, तेव्हा माझासुद्धा निघेना.

खैरुनबीनं वल्हं वर घेतलं. "कुणी हलू नगा. आक्का, पोराला पाज."

"हाणतो बघ!" रुद्राप्पानं काठी उगारली.

"काठी खाली, पावणं. तिची पोरं तिकडं, आपलं पोर हितं. ती बी भ्यालीया."

काठी खाली आली. नावेच्या फळीला खरवडल्यासारखा आवाज झाला. सुसर अंग घासून चालली होती. आक्का पदर ओढत होती आणि तान्हं पाय झाडून तो उडवत होतं. शेवटी त्यानं तोंड लावलं आणि रडं थांबलं.

वल्हं नेमकं सुसरीच्या डोक्यावर होतं. त्याच्या टोकावरचे थेंब थरथरत पडत होते. मला वाटलं, आता घालते! खैरुनबीनं ते हळूच फिरवलं, दुसऱ्या बाजूनं वाळूत रोवलं आणि नाव लोटली. डोळे पाण्याखाली गेले. ते तर जास्तच वाईट. आता ती कुठं आहे, कुणाला ठाऊक? घाट लागेपर्यंत रुद्राप्पा काठी मांडीखाली दाबून बसला.

आक्का तान्ह्याला कवटाळून उतरली. खैरुनबीनं नावेचा दोर बांधायचं सोडून सुसर घासून गेलेली फळी चाचपली. ती नावेतच बसून राहिली.

"भ्यालीस व्हय, मावशी?"

"रोज भिते की. तुझ्या चाचानं भ्यायचं सोडलं न् हात गेला." मग दम खाऊन म्हणाली, "पैज हरलीस न्हवं? आता माजा आवाज काढायचा. रोज, नाव सुटायच्या आधी."

तेव्हापासून सकाळी घाटावर उभी राहून मी खैरुनबी होते, "हात आत घ्या! खरकटं काठावर ठेवा! तिच्या दारात दंगा न्हाय!" लोक हसतात, पण हात आत घेतात.

खैरुनबी वल्ह्यावर रेलून ऐकते. "आवाज माजाच हाय," म्हणते, "पर भ्या कुठं हाय त्येच्यात? पुन्यांदा म्हण." आणि मला पुन्हा म्हणायला लागतं.